भूमध्य समुद्र ते वसूची गच्ची

रायपुरातल्या पहिल्याच सकाळी धाकट्या बहिणीनं मला पायाचे तळवे दाखवायला लावले. मी नुकताच गच्चीवर अनवाणी फेऱ्या मारून खाली आलो होतो आणि चहाचा कप घेऊन जिन्याच्या पायरीवर टेकलो होतो. वसू कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली आणि म्हणाली, "पाय वर कर, दादा." साठी उलटलेल्या माणसाला असं कुणी सांगितलं की तो आधी इकडेतिकडे बघतो. मग मी पाय वर केले. तळवे काळेकुट्ट होते, तव्यावरून चालून आल्यासारखे. वसूनं सुस्कारा सोडला आणि आत तोंड करून नवऱ्याला सांगितलं, "आजबी काळेच हायेत हो."

मी साताऱ्याचा. शाळेत भूगोल शिकवण्यात उभा जन्म गेला आणि आता निवृत्त आहे. वसूही साताऱ्याचीच, पण लग्न करून वर्ध्याकडच्या घरात गेली आणि नवऱ्याच्या रेल्वेतल्या नोकरीपायी रायपूरला येऊन पडली, ती तिथलीच झाली. माझी सख्खी बहीण मला "काहून रे, झोप नाही झाली का?" असं विचारते तेव्हा मला अजूनही आपण चुकून दुसऱ्याच्या घरी उतरलो की काय अशी शंका येते. ती मले-तुले करते, तिचे यजमान शरदराव तर करतातच, आणि माझी भाची रेवा मराठी सगळं समजून घेऊन उत्तर हिंदीत देते. या रेवाच्या लग्नासाठी मी ऐन मे महिन्यात, सातारकर शहाणी माणसं घराबाहेर पडत नाहीत अशा दिवसांत, मुक्काम टाकायला गेलो होतो.

चौबे कॉलोनी

वसूचं घर चौबे कॉलोनीत आहे. दुपारी अकरानंतर ही कॉलोनी दारं लावून घेते. प्रत्येक खिडकीत कूलर घुरघुरत असतो आणि रस्त्यावर एखादा कुत्रा सावलीबरोबर सरकत बसलेला असतो. साताऱ्यात आम्ही उन्हाळ्याला नावं ठेवतो, पण तो उन्हाळा म्हणजे नुसती तक्रार करायची सोय आहे हे मला इथं कळलं. पहिल्या दुपारी मी हौसेनं पोस्टापर्यंत चालत जायला निघालो, तर शरदरावांनी मला फाटकातून परत आणलं. "दादा, इथं दुपारी फक्त पाव्हणे फिरतात," ते म्हणाले, आणि माझ्यापुढं बासी ठेवली.

बासी म्हणजे रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी खायचा. सोबत कच्चा कांदा, हिरवी मिरची, टमाट्याची चटणी. आमच्याकडे शिळ्या भाताचा फोडणीचा भात होतो आणि तोही पाहुण्यापासून लपवला जातो. इथं तो पाहुण्यालाच आग्रहानं वाढतात. मी पहिला घास भीतभीत घेतला आणि दुसरी वाटी मागून घेतली. पोटात असा गारवा उतरला की त्या कूलरची मला कीव आली. उरलेल्या सगळ्या दिवसांत मी सकाळी उठून आधी बासी आहे ना हे बघत असे.

पण तळव्यांचं काय, ते सांगायचं राहिलं.

रेवाचं सासर अमरावतीचं. साखरपुड्याला तिच्या होणाऱ्या सासूबाई, कुसुमताई, रायपूरला येऊन गेल्या होत्या. गच्चीच्या कठड्यावर हात ठेवला तर बोटं काळी झाली. बाई मनानं चांगल्या. त्या सहज म्हणाल्या, "इथं तर लय धूळ पडते. रुखवताच्या कुरडयांचं टेन्शन घेऊ नका, आम्ही अमरावतीहून पांढऱ्याशुभ्र घेऊन येतो." त्यांनी मदत म्हणून सांगितलं, वसूला ते मिरचीसारखं झोंबलं. मुलीकडच्या रुखवतात मुलाकडच्यांनी आणलेल्या कुरडया मांडायच्या? तिनं त्याच दिवशी ठरवलं की रुखवतात ज्या कुरडया मांडल्या जातील त्या याच गच्चीवर वाळलेल्या असतील, आणि पांढऱ्या असतील.

त्यानंतर दोन घाणे झाले. दोन्ही वाळेपर्यंत करडे झाले. पहिला मोलकरणीकडे गेला आणि दुसरा अजून डब्यात होता. वसूनं तो मला उघडून दाखवला. मी म्हणालो, "तळल्यावर कळणार नाही." तिनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी डब्याचं झाकण स्वतःच लावलं.

आता लग्नाला आठवडा उरला होता आणि वसू रोज सकाळी घरातल्या कुणाचे तरी तळवे तपासत होती. तळवे काळे म्हणजे रात्रभर वारा उत्तरेचा होता. तळवे स्वच्छ म्हणजे वारा फिरला. ही पद्धत एकट्या वसूची नाही. समोरच्या साहू दीदींकडेही हेच चालतं. त्यांच्या गच्चीवर कैरीच्या फोडी वाळत होत्या आणि त्यांचे यजमान बिचारे रोज सकाळी पाय धुण्याआधी बायकोपुढं हजर होत.

सिलतऱ्याच्या वाटेवर

ही काळी धूळ येते कुठून ते बघायला शरदराव मला एका सकाळी स्कूटरवरून सिलतऱ्याच्या बाजूला घेऊन गेले. रायपूरच्या उत्तरेला पोलादाचे आणि स्पंज आयर्नचे कारखाने आहेत. जसजसं पुढं जावं तसतशी झाडांची पानं हिरवी आहेत हे आठवणीवरूनच मानून घ्यावं लागत होतं. चहाच्या टपरीवाल्यानं बाकडं पुसलं, आम्ही बसेपर्यंत पुन्हा पुसलं. शरदरावांची नोकरी याच लोखंडाच्या मालगाड्या धाडण्यात गेलेली. ते म्हणाले, "पोट्टीचं शिक्षण याच्यावरच झालं, दादा. शिव्या देऊ तर कोणत्या तोंडानं?" आणि चहाच्या ग्लासावर हात झाकून धरला.

परतताना बूढ़ापाऱ्यात थांबलो. बूढ़ा तालाबच्या काठाशी, गल्लीत स्कूटरी एकमेकींना घासत होत्या, आणि एका गाडीवर आम्ही गुपचुप खाल्लं. गुपचुप म्हणजे आपली पाणीपुरी. पण आपल्याकडे ती खाताना माणूस फार आवाज करतो, इथं नावाचा मान राखून मुकाट्यानं खातात, निदान शरदराव तरी. मला ठसका लागला आणि गाडीवाल्यानं न सांगता पुढची पुरी गोड पाण्यात बुडवली.

गहू भिजवू का?

घरी पोचलो तर वसू दारातच होती. "दादा, तू एवढी वर्षं पोरांना वारे शिकवले ना? मंग मले एक सांग. गहू भिजवू का?"

प्रश्न दिसतो तेवढा साधा नव्हता. कुरडयांचा गहू तीन दिवस भिजत घालावा लागतो, रोज पाणी बदलून. मग वाटायचा, चीक काढायचा, शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून पाडायचा. म्हणजे आजच्या तळव्यांवरून चौथ्या दिवशीचा वारा कळायला हवा. तळवे काही तेवढे लांबचे सांगत नाहीत. आणि गहू एकदा भिजला की माघार नाही. लग्नाचे दिवस बघता हा शेवटचाच घाणा होता.

मी मोबाइलवर हवामानाचे नकाशे उघडले. खरं सांगतो, मला फार आनंद झाला. जन्मभर मी फळ्यावर खडूनं बाण काढले आणि मुलांनी ते वहीत उतरवून घेतले. त्या बाणांवर कुणाचं काही अडलंय असं कधीच झालं नव्हतं. आता माझी सख्खी बहीण गव्हाचा डबा कडेवर घेऊन उभी होती.

नकाशा बोलका होता. तिकडे दूर भूमध्य समुद्राच्या बाजूनं निघालेला एक पश्चिमी विक्षोभ इराण, अफगाणिस्तान ओलांडून हिमालयाकडे सरकत होता. विक्षोभ म्हणजे वरच्या हवेतला एक मोठा भोवरा. तो उत्तरेत आला की राजस्थानावरची हवा हलकी होते, आणि तिथून थेट छत्तीसगडापर्यंत कमी दाबाचा एक लांब पट्टा पडतो. त्या पट्ट्यात मग बंगालच्या उपसागरावरचा दमट वारा घुसतो. मी जेवणाच्या ताटातच सगळं मांडलं. कांदा ठेवला काश्मिरात, मिरची आडवी टाकली राजस्थानपासून रायपूरपर्यंत, आणि चटणीचं बोट समुद्राकडून ओढत आणलं. "चार दिवसांनी वारा आग्नेयेचा होणार," मी जाहीर केलं. "सिलतरा उत्तरेला. तिथली काळी धूळ तिकडंच जाईल. गच्ची स्वच्छ."

वसूचा चेहरा उजळला. रेवानं मात्र मिरचीकडे बोट केलं. "और मामा, ये गरम हवा और वो समुंदर वाली हवा, दोनों मिलेंगी तो?"

इथं मला घसा साफ करावा लागला. कारण खालून दमट वारा, वरून राजस्थानकडचा कोरडा वारा आणि मध्ये रायपूरचं तापलेलं मैदान, असं झालं की दुपारनंतर ढग उभे राहतात आणि त्यांच्या पोटातला गार वारा जमिनीवर आदळून धुळीची भिंत उठवतो. यालाच तिकडे अंधड म्हणतात.

"म्हणजे," वसू सावकाश म्हणाली, "जो वारा माह्या कुरडया पांढऱ्या ठेवीन, तोच अंधड घेऊन येईन?"

"तोच," मी म्हणालो. "पण दुपारनंतर. सकाळपासून चारपर्यंत तुला कडक ऊन आणि स्वच्छ वारा. एवढ्या उन्हात कुरडया वाळतात."

"मामा, आप बस हाँ या ना बोलो," रेवा म्हणाली.

मी हो म्हणालो. वसूनं तिथल्या तिथं गव्हावर पाणी ओतलं. त्या रात्रीपासून माझी झोप उडाली. शाळेत चुकीचा बाण पुसता येतो.

चौथा दिवस

पहाटे जाग आली ती वसूच्या हाकेनं. ती जिन्याच्या पायरीवर बसली होती आणि यावेळी स्वतःचेच तळवे बघत होती. "दादा," तिनं पाय माझ्याकडे केला, "पाह्य." तळवा गुलाबी होता. मी गच्चीवर धावलो. वारा खरोखर आग्नेयेचा होता, मंद, किंचित ओलसर. कठड्यावर बोट फिरवलं, स्वच्छ. साठीच्या माणसानं गच्चीवर उड्या मारू नयेत, पण समोरच्या गच्चीवर साहू दीदींचे यजमानही आपले पाय बघून हसत होते, त्यामुळं मला लाज वाटली नाही.

मग जी गडबड झाली ती झाली. भल्यामोठ्या पातेल्यात चीक रटरटत होता आणि वसू तो अशी घोटत होती की तिच्या बांगड्या कोपरापर्यंत चढल्या. गरम चीक तूप-साखर घालून वाटीत मिळतो, ते कुरडयांचं खरं फळ आहे. मी दोन वाट्या खाल्ल्या. साहू दीदी पदर खोचून मदतीला आल्या. त्यांनी आयुष्यात कधी कुरडई पाडली नव्हती. पहिल्या दोन वेड्यावाकड्या झाल्या, तिसरीपासून त्या वसूपेक्षा भराभर पाडायला लागल्या आणि वसूनं त्यांना मोठ्या कौतुकानं टोमणा मारला. ऊन चढेपर्यंत गच्चीभर धुतलेल्या चादरींवर पांढरी चक्रं पसरली होती.

दुपारी सगळे जेवून आडवे झाले. पहारा माझ्याकडे होता. डोक्यावर ओला टॉवेल, हातात पन्ह्याचा ग्लास, जिन्याच्या दाराच्या सावलीत खुर्ची. वसूनं बजावलं होतं, "नुसतं ओरड, बस. आम्ही येतो."

चार वाजायला पुष्कळ अवकाश होता. आधी वारा पडला. लिंबाचं पान हलेना. घारी उंच गेल्या आणि मग एकदम दिसेनाशा झाल्या. वायव्येकडे क्षितिज तांबूस झालं, नंतर तपकिरी, आणि तो तपकिरी रंग जमिनीपासून आभाळापर्यंत उभा राहून आमच्याकडे चालत यायला लागला. मी खुर्चीतून उठलो. इतकी वर्षं फळ्यावर जे बाण काढले ते एकदम खरे होऊन समोरून येत होते. खाली गार हवेचा लोट, पुढं कुरळी होत जाणारी कड, वर काळाभोर ढग, सगळं पुस्तकात असतं तसं, फक्त ते गर्जत होतं. ही धूळ काही राजस्थानची नव्हती, भोवतालच्या नांगरलेल्या रानांची होती. पण तिला उठवणारं आमंत्रण पार भूमध्य समुद्रावरून निघालं होतं, आणि ते बरोबर चौथ्या दिवशी, या गच्चीवर येऊन पोचलं होतं. माझे डोळे भरून आले. आणि ओरडायचं मी साफ विसरलो.

"का देखत हव भैया? आंधी आवत हे!"

साहू दीदी आपल्या गच्चीवरून हात उंचावून माझ्यावर खेकसत होत्या. मग मी जो ओरडलो तो बहुधा सिलतऱ्यापर्यंत ऐकू गेला असेल.

पुढची काही मिनिटं कॉलोनीतली सगळी दारं उघडली. तिथं एक रीत आहे. अंधड आलं की आपलं-परकं बघायचं नाही, जी गच्ची जवळ तिथं चढायचं आणि जे वाळत असेल ते चादरीसकट गोळा करायचं. शरदराव लुंगीत धावत आले आणि शेजारच्यांच्या गच्चीवर गेले. शेजारचे आमच्याकडे आले. वसू आणि रेवा चादरींची टोकं जुळवत होत्या, आणि तेवढ्यात भिंत आली. तोंडात, कानात, पापण्यांत माती. वीज गेली, कूलर गप्प झाले. एक चादर माझ्या हातातून सुटली आणि साहू दीदींच्या कठड्याला जाऊन अडकली. दीदींनी तिच्यावर सरळ बसकण मारली.

वादळ शांत झालं तेव्हा आम्ही सगळे मातीच्या रंगाचे झालो होतो. चार टपोरे थेंब पडले आणि हवा एकदम गार झाली. बैठकीत चादरी उघडल्या. कुरडया वाळल्या होत्या, मोडल्या फार थोड्या. एका चादरीत कुरडयांबरोबर साहू दीदींच्या कैरीच्या फोडी निघाल्या, दुसरीत कुणाचे तरी साबुदाण्याचे पापड. मात्र सगळ्यांवर तांबूस पावडर बसली होती. वसू जमिनीवर बसली. मी म्हणालो, "वसू, चूक माझी. मी बघत राहिलो."

"काय पाह्यत होतास?"

मी सांगितलं. भिंत, कड, ढग, भूमध्य समुद्र. ती हसायलाच लागली. "लहानपणीबी पतंग पाह्यत पाह्यत विहिरीत पडला होतास तू," ती म्हणाली.

रेवा उठून आत गेली आणि लग्नासाठी घेतलेली मेकअपची नवी पेटी घेऊन आली. त्यातला गालांचा मऊ ब्रश तिनं काढला, एक कुरडई उचलली आणि अलगद झटकली. धूळ उडाली. खाली कुरडई पांढरीफेक होती. "आई, देख," ती म्हणाली. मग आम्ही सगळे, साहू दीदी आणि त्यांच्या यजमानांसकट, नवरीचे ब्रश वाटून घेऊन कुरडयांना पावडर लावावी तशी धूळ झटकत बसलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा आग्नेयेचा वारा होता. तळवे स्वच्छ होते.

रुखवत

कार्यालयात रुखवताच्या टेबलावर मधोमध वसूनं कुरडयांचा मनोरा रचला आणि पुढं एका ताटात तळलेल्या ठेवल्या. शेजारी साहू दीदींच्या कैरीच्या फोडीही मांडल्या, त्याही या लग्नाच्या वऱ्हाडी झाल्या होत्या. कुसुमताई आल्या. एकेक वस्तू बघत कुरडयांशी थांबल्या. एक उचलून उजेडात धरली, उलटसुलट केली.

"लय पांढऱ्या आहेत," त्या म्हणाल्या. "कुठून आणल्या? आमच्या अमरावतीच्या बाजारातल्याच दिसून राहिल्या."

वसूचा चेहरा पडला. एवढं करून शेवटी विकतच्या ठरल्या. मी पुढं सरसावलो, विक्षोभापासून सुरुवात करावी म्हणून. शरदरावांनी माझं कोपर धरलं. कुसुमताईंनी तळलेल्या कुरडईचा एक तुकडा तोंडात टाकला.

कच्च.

तो आवाज टेबलाच्या दोन्ही बाजूंच्या माणसांनी ऐकला. कुसुमताई चावायच्या थांबल्या. वसूनं डोळे मिटून घेतले. कुसुमताईंनी जिभेवरून बारीक खडा बोटावर घेतला, बघितला आणि हळूच हसल्या.

"नाही हो, विकतच्या नाहीत," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "बाजारातल्या कुरडईत खडा कुठून येईन? ह्या घरच्या गच्चीवरच्याच आहेत." आणि ताटातली आणखी एक उचलून त्यांनी वसूचा हात धरला. "विहीणबाई, एवढ्या धुळीत एवढ्या पांढऱ्या? मले शिकवा."

वसूनं माझ्याकडे बोट केलं. "ते दादाले विचारा. गहू कधी भिजवायचा ते तो सांगते."